वंशाला काय जमणार नाही, ते आधी ठरवा

राज्य उभारायचे, फौज बांधायची आणि शेजाऱ्याचा मुलूख घ्यायचा, असा गाभा असलेल्या ऑनलाइन कल्पनारम्य खेळांत खेळाडूचा पहिला निर्णय बहुधा वंश निवडण्याचा असतो. मानव, बुटके, पिशाच्चे, अरण्यातले अमर यांपैकी एक वंश घेतला, की पुढचे कित्येक आठवडे त्याच वंशाच्या डोक्याने विचार करावा लागतो. कोल्हापुरात संगणकशास्त्र शिकणारी आणि फावल्या वेळात स्वतःचा खेळ बनवू पाहणारी मुले आपले आराखडे दाखवतात, तेव्हा त्यांत एक गोष्ट हटकून आढळते. प्रत्येक वंशाच्या नावापुढे फायद्यांची यादी असते: याचा हल्ला दहा टक्के जास्त, त्याचे पीक पंधरा टक्के जास्त, तिसऱ्याची जादू वीस टक्के स्वस्त. यादी वाचून झाल्यावर नावे झाकली, तर कोणता वंश कोणता हे सांगता येत नाही. याचे कारण असे, की टक्क्यांनी वंश वेगळा होत नाही, फक्त कमीजास्त होतो. त्याला स्वतःचा स्वभाव येतो तो त्याला काय करता येत नाही, आणि ती अडचण खेळाडूने कशी निभावून न्यायची, यावरून. म्हणून रचनेची सुरुवात फायद्यांपासून न करता अडचणीपासून करावी, असे माझे मत आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९९८ साली आलेला ‘स्टारक्राफ्ट’. तो अंतराळातला खेळ असला, तरी वंशरचनेचा धडा म्हणून त्याच्याकडे पाहावे लागते. त्यात तीन वंश आहेत आणि इमारत बांधणे हे एकच काम तिघे तीन प्रकारे करतात. टेरन वंशाचा कामगार इमारत पूर्ण होईपर्यंत तिथेच राबतो, म्हणजे तेवढा वेळ तो खाणीवरून गैरहजर राहतो आणि शत्रूने त्याला मारले तर काम अर्धवट पडते. प्रोटॉस वंशाचा कामगार काम सुरू करून देतो आणि लगेच मोकळा होतो, पण त्याच्या बहुतेक इमारतींना ऊर्जा पुरवणाऱ्या खांबाच्या टप्प्यातच राहावे लागते, आणि खांब पडला की सैनिक घडवणाऱ्या इमारती बंद पडतात. झर्ग वंशात तर कामगार स्वतःच इमारत होऊन जातो, म्हणजे प्रत्येक इमारतीमागे एक कामगार कायमचा जातो. पहिला वंश वेळेने किंमत मोजतो, दुसरा जागेच्या बंधनाने आणि तिसरा माणसाने. इथे कुणालाही ‘बांधकाम दहा टक्के स्वस्त’ असे दिलेले नाही, तरीही पहिल्या पाच मिनिटांत तिन्ही वंशांच्या खेळाडूंची चिंता वेगवेगळी असते.

दुसऱ्या टोकाला १९९५ चा ‘वॉरक्राफ्ट २’ ठेवता येईल. त्यात मानव आणि ऑर्क यांचे सैनिक जवळपास एकास एक जुळणारे होते आणि खरा फरक मुख्यतः मंत्रांमध्ये होता. या दोहोंच्या मधला मार्ग १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ने घेतला. त्यात सर्व संस्कृतींना तंत्रज्ञानाचा एकच वृक्ष, म्हणजे कोणत्या शोधातून पुढे काय मिळते याचा आराखडा, दिलेला असतो, प्रत्येकीसाठी त्याच्या काही फांद्या छाटलेल्या असतात आणि बदल्यात काही खास सवलती व एखादा खास सैनिक मिळतो. नवशिक्या चमूने हाच मधला मार्ग धरावा. पूर्णपणे वेगळे वंश रचण्याचा मोह मोठा असला, तरी त्याचा खर्च वंशांच्या संख्येबरोबर सरळ वाढत नाही, हे लक्षात घ्यावे लागते. तीन वंश असतील तर परस्परांविरुद्धच्या जोड्या तीन होतात, दहा असतील तर पंचेचाळीस आणि तेरा असतील तर अठ्ठ्याहत्तर. यांतली प्रत्येक जोडी कोणीतरी बसून खेळून पाहावी लागते. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ने तेरा संस्कृतींपासून सुरुवात केली आणि आज ती संख्या चाळीसच्या पुढे आहे. हे शक्य झाले ते मूळ वृक्ष सामाईक असल्यामुळेच. चौघांचा चमू असेल तर तीन वंश पुरेत.

आता आपल्याच मुलखाचा नकाशा समोर ठेवून तीन वंश रचून पाहू. कोल्हापूर जिल्ह्याची ठेवण या कामाला फार सोयीची आहे: पश्चिमेला गगनबावड्याच्या बाजूला प्रचंड पावसाचा सह्याद्री, मध्ये पंचगंगेचे खोरे आणि पूर्वेला शिरोळकडची सपाट काळी जमीन. खोऱ्यात ‘संगमवासी’ नावाचा वंश ठेवू. त्यांची शेती सर्वांत भरघोस आहे आणि फौज स्वस्त आहे, पण खेळातल्या पावसाळ्याच्या फेऱ्यांत त्यांच्या फौजेला नदी ओलांडता येत नाही आणि सखल भागातली कोठारे बुडू शकतात. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. घाटात ‘दुर्गवासी’ आहेत. त्यांना शेती जवळजवळ करताच येत नाही, डोंगरमाथ्याशिवाय बांधकाम करता येत नाही, आणि म्हणून धान्यासाठी त्यांना व्यापार किंवा लूट यांपैकी एक मार्ग धरावाच लागतो. तिसरे ‘वेताळगण’. अमावास्येला वेताळाची फेरी निघते ही लोकसमजूत आपल्याकडे जुनी आहे, तिच्यावरून हा वंश घेता येईल. त्यांना धान्य लागत नाही, पण भरती करून नवे सैनिकही मिळत नाहीत. लढाईत जे पडतील त्यांतूनच त्यांची फौज वाढते. म्हणजे शांततेचा प्रत्येक दिवस संगमवासीयांच्या फायद्याचा असतो आणि वेताळगणांच्या तोट्याचा. एकाही टक्क्याचा उल्लेख न करता तीन वेगळे स्वभाव तयार झाले.

अडचण ठरवताना तिची पारख तीन अंगांनी करावी. पहिले म्हणजे ती खरी असावी. ज्या वंशाला जादू वापरायचीच नाही, त्याला ‘जादू वीस टक्के महाग’ अशी शिक्षा लावणे ही खोटी उणीव होय. कागदावर हिशेब जुळतो आणि खेळात तो वंश फुकटचा फायदा घेऊन बसतो. खेळाडूंच्या हे पहिल्याच आठवड्यात लक्षात येते आणि पुढे सगळे तोच वंश निवडू लागतात. दुसरे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला तिचा उपयोग करून घेता आला पाहिजे. संगमवासीयांची फौज पावसाळ्यात अडकते हे समोरच्याला दिसले पाहिजे आणि त्या काळात त्यांच्यावर चाल करण्याचा काही मार्ग त्याच्याकडे असला पाहिजे, नाहीतर तो पावसाळा नुसता कंटाळा ठरतो. तिसरे म्हणजे पैसे आणि वेळ मोजून तिच्यातून वाट काढता आली पाहिजे. संगमवासीयांना उंचावर महागडी कोठारे बांधता यावीत किंवा होड्यांचा ताफा ठेवता यावा. जिच्यातून सुटकाच नाही अशी अडचण खेळाडूला विचार करायला लावत नाही, ती फक्त हरवते.

अडचणी ठरल्यानंतर आकडे येतात आणि इथे अंतःप्रेरणा हमखास फसवते. समजा, एका वंशाच्या धनुर्धाऱ्याचा हल्ला दुप्पट केला आणि किंमतही दुप्पट ठेवली. वरवर पाहता हा व्यवहार बरोबरीचा वाटतो, पण तो तसा नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात यामागचे गणित मांडले होते. दोन्ही बाजूंच्या सर्वांना एकाच वेळी मारा करता येत असेल, तर फौजेची ताकद संख्येच्या प्रमाणात नव्हे तर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सारख्याच कुवतीचे वीस धनुर्धारी दहांवर चालून गेले, तर ते दहा संपेपर्यंत विसांपैकी सुमारे सतरा उभे राहतात. कारण सुरुवातीला जास्त बाण सुटतात, समोरचे लवकर पडतात आणि त्यामुळे समोरून येणारे बाणही लवकर कमी होतात. या हिशेबाने दुप्पट हल्ला असलेले दहा सैनिक साध्या विसांच्या नव्हे, तर जेमतेम चौदांच्या बरोबरीचे होतात. दुप्पट किंमत घ्यायची असेल तर हल्ला आणि तग धरण्याची क्षमता, दोन्ही दुप्पट केली पाहिजेत. ‘थोडे पण दमदार’ असे वंश अनेक खेळांत दुबळे का ठरतात, याचे उत्तर बहुतेक वेळा याच चुकलेल्या किमतीत असते.

पण हा वर्गाचा नियम मोकळ्या मैदानातला आहे. वाट अरुंद असली की मागच्यांना हात चालवताच येत नाही आणि ताकद पुन्हा संख्येच्या सरळ प्रमाणात येते. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हा बाजीप्रभू देशपांडे यांनी मोजक्या मावळ्यांनिशी घोडखिंडीत पाठलागावरची मोठी फौज रोखून धरली. त्या पराक्रमामागची जागेची निवडही तितकीच महत्त्वाची होती. खेळाच्या भाषेत सांगायचे तर शिरोळच्या सपाटीवर चौदांना पुरे पडणारे ते दहा सैनिक खिंडीत विसांना पुरे पडतील. सैनिकाचा एकही आकडा न बदलता त्याची किंमत जवळपास दीडपट झाली, ती केवळ भूगोलामुळे. म्हणून नकाशा न ठरवता वंशाचे आकडे ठरवणे व्यर्थ आहे. मालिकेतल्या पहिल्या ‘स्टारक्राफ्ट’मध्ये २००१ नंतर वंशांच्या आकड्यांमध्ये मोठा बदल झालाच नाही. पुढची कित्येक वर्षे व्यावसायिक स्पर्धांमध्ये तिन्ही वंशांचे संतुलन प्रामुख्याने नकाशे बदलून राखले गेले. कुठे चढ ठेवला, कुठे खाण थोडी मागे सरकवली, कुठे वाट रुंद केली, आणि तेवढ्याने पारडे हलले.

दुसरा फसवा आकडा वाढीचा असतो. हल्ला दहा टक्के जास्त आणि उत्पन्नाची वाढ दहा टक्के जास्त, हे दोन्ही फायदे यादीत सारखेच दिसतात. पण हल्ल्याचे दहा टक्के शेवटपर्यंत दहाच राहतात, आणि वाढीचे दहा टक्के चक्रवाढ व्याजाने फुगतात. एका राज्याचे उत्पन्न प्रत्येक फेरीला ५ टक्क्यांनी वाढते आणि दुसऱ्याचे ५.५ टक्क्यांनी, असे धरू. साठ फेऱ्यांनंतर पहिले राज्य मूळच्या १८.७ पट होते आणि दुसरे २४.८ पट, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने मोठे. शंभर फेऱ्या झाल्या तर ही तफावत साठ टक्क्यांवर जाते. महिनोन्महिने चालणाऱ्या ऑनलाइन खेळात वाढीची सवलत मिळालेला वंश शेवटी सगळ्यांना गिळतो, तो यामुळे. संगमवासीयांना अशी सवलत द्यायचीच असेल तर तिला मर्यादा घालावी. ठरावीक मुलखानंतर ती थांबावी, किंवा त्यांचा मुलूख वाढेल तसा पुराचा धोकाही वाढावा.

सवलती एकमेकींवर चढल्या की काय होते, तेही आधीच तपासून पाहावे. वंशाची २० टक्के सूट, इमारतीची २० टक्के आणि संशोधनाची २० टक्के अशा तीन सुटी नुसत्या बेरजेने मोजल्या, तर शंभर मोहरांचा सैनिक चाळीस मोहरांना पडतो. अशा पाच सुटी झाल्या की तो फुकट मिळतो. प्रत्येक सूट उरलेल्या किमतीवर मोजली, तर तिन्हींनंतर किंमत एक्कावन्न मोहरांच्या आसपास राहते आणि ती शून्यावर कधीच जात नाही. ‘वॉरक्राफ्ट ३’ मध्ये कवचाचे सूत्र याच विचाराने बांधलेले आहे. कवचाचा प्रत्येक गुण सैनिकाची तग धरण्याची क्षमता मूळच्या सहा टक्क्यांनी वाढवतो, मात्र दहा गुण झाले तरी इजा साडेसदतीस टक्क्यांनीच कमी होते आणि अभेद्य सैनिक कधीच तयार होत नाही.

‘अ’ वंश ‘ब’ वर भारी, ‘ब’ हा ‘क’ वर आणि ‘क’ हा ‘अ’ वर, असे चक्र सर्वांना सुचते. सैनिकांच्या प्रकारांपुरते ते चांगले आहे, कारण समोरच्याने घोडदळ आणले तर आपण भालेकरी आणू शकतो. पण वंश एकदा निवडला की बदलता येत नाही. तिथे हेच चक्र लावले, तर सामना सुरू होण्याआधीच त्याचा निकाल लागतो. एखादी जोडी ५५ विरुद्ध ४५ अशी झुकली तर ते चालवून घ्यावे, त्यापलीकडे जाऊ देऊ नये.

खेळ ऑनलाइन आहे, याचे काही वेगळे परिणाम होतात. वेताळगणांचा जोर रात्री वाढतो हे कथेत शोभते, पण ती रात्र खऱ्या घड्याळाशी बांधली तर सकाळी कामावर जाणारा खेळाडू रात्री तीन वाजता मार खातो. दिवस, रात्र, अमावास्या हे सारे खेळातल्या फेऱ्यांनीच मोजावे. तसेच एखाद्या वंशाला सतत बोटे चालवावी लागत असतील आणि दुसऱ्याला दिवसातून दोनदा हुकूम देऊन भागत असेल, तर मोबाइलवरून, अधूनमधून तुटणाऱ्या नेटवर खेळणाऱ्याला पहिला वंश कागदावर कितीही सरस असला तरी उपयोगाचा नाही. म्हणून संतुलन नवखे, मुरलेले आणि अव्वल अशा तिन्ही थरांवर वेगवेगळे तपासावे लागते. नवख्यांच्या हाती दुबळा वाटणारा वंश अव्वल खेळाडूंच्या हाती अजिंक्य ठरू शकतो.

इथे थोडे विषयाच्या कडेला जाऊन एक सांगणे गरजेचे वाटते. ‘हा वंश जन्मतः चोर’, ‘तो जन्मतः क्रूर’ अशी वर्णने कल्पनारम्य खेळांत सर्रास आढळतात. आपल्या देशात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने खऱ्या माणसांवर नेमका हाच शिक्का मारला होता आणि त्या जमाती विमुक्त होण्यासाठी १९५२ साल उजाडावे लागले. ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी अशा जमातींची रोजची हजेरी बंद केली, तिथल्या मुलांनी तरी हा शिक्का खेळात पुन्हा उमटवू नये. खऱ्या जातीजमातींची, धर्मांची नावे आणि पेहराव वंशांना देऊ नयेत, हे तर आहेच. शिवाय वंशाचे गुणदोष रक्ताला न चिकटवता राहणीला चिकटवले, तर रचनाही अधिक चांगली होते. दुर्गवासी लुटारू जन्माला आलेले नाहीत. त्यांच्याकडे शेतीला जमीन नाही, म्हणून ते लूट करतात. कारण भूगोलात असले की खेळाडूला ते पटते आणि प्रतिस्पर्ध्याला त्याचा उपयोग करून घेता येतो: त्यांच्याशी व्यापार सुरू करा, लूट कमी होईल.

आराखडा खेळात उतरल्यावर मोजणी सुरू होते. शंभर सामन्यांत एखादा वंश ५६ वेळा जिंकला, म्हणून तो वरचढ आहे असे म्हणता येत नाही. एवढ्या नमुन्यात निव्वळ योगायोगाने आकडा दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. हजार सामन्यांत ही शंका सुमारे तीन टक्क्यांवर येते आणि दहा हजारांत एका टक्क्यावर. मोजताना एकाच वंशाचे आपसातले सामने वगळावेत, कारण तिथे निकाल नेहमी निम्मा-निम्मा असतो आणि त्यामुळे खरा कल झाकला जातो.

याहून मोठा सापळा पुढे आहे. बहुतेक ऑनलाइन खेळांत बुद्धिबळातल्या एलो पद्धतीसारखे गुणांकन असते आणि सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर आणले जातात. एखादा खेळाडू कायम वेताळगणच खेळत असेल आणि तो वंश खरोखरच वरचढ असेल, तर त्या खेळाडूचे गुण वाढत जातात, त्याला अधिक चांगले प्रतिस्पर्धी मिळू लागतात आणि त्याच्या विजयांचे प्रमाण पुन्हा पन्नास टक्क्यांजवळ येते. आकडेवारी पाहणारा निश्चिंत होतो आणि खेळाडू मात्र ओरडत राहतात. अशा वेळी एकाहून अधिक वंश नियमित खेळणाऱ्यांचे निकाल वेगळे काढून पाहावेत. तोच खेळाडू वंश बदलल्यावर किती वर किंवा खाली जातो, हे वंशाच्या ताकदीचे अधिक प्रामाणिक माप आहे. बरोबरीच्या खेळाडूंमध्ये ५४ टक्के विजय म्हणजे एलोच्या हिशेबाने सुमारे २८ गुणांची भेट, असा अंदाज धरता येतो. अव्वल शंभरांत कोणत्या वंशाचे किती खेळाडू आहेत, तेही पाहावे.

दोष सापडला की तो दुरुस्त कसा करायचा, यालाही पद्धत हवी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा किंवा दिलबहार तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा फोडणारा माणूस संघ हरतो म्हणून दुसऱ्या पेठेचा होत नाही. वर्षभर एकच वंश खेळलेल्या माणसाचेही तसेच असते. त्याच्या वंशाची ओळखच काढून घेतली, तर तो दुसरा वंश घेत नाही, खेळच सोडतो. म्हणून आधी किंमत आणि वेळ यांसारखे बाहेरचे आकडे हलवावेत, एका वेळी एकच आकडा बदलावा आणि बदल पाच-सात टक्क्यांच्या वर नेऊ नये. त्याने भागले नाही तर नकाशात बदल करून पाहावा. अडचण किंवा खास क्षमता यांना हात लावणे हा शेवटचा उपाय समजावा, आणि वेताळगणांना धान्यावर भरती करू द्यावी अशी मागणी कितीही जोरात झाली तरी ती मान्य करू नये, कारण त्यानंतर तो वंश फक्त काळ्या कपड्यांतले संगमवासी उरेल.

बदल कधी लागू करायचा, हे आपल्या परंपरेतूनच घेता येईल. पावसाळा संपल्यावर दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत. खेळाचा हंगामही असाच आखावा: चालू हंगामात केवळ तांत्रिक चुका सुधाराव्यात, वंशांच्या आकड्यांतले बदल दोन हंगामांच्या मधल्या विश्रांतीत करावेत, आणि नव्या हंगामाच्या किमान पंधरा दिवस आधी प्रत्येक बदल त्याच्या कारणासह आणि ज्या आकडेवारीवरून तो केला त्या आकडेवारीसह खेळाडूंसमोर ठेवावा.